चौसष्ट घरांची संख्या : प्रचीती आणि सिद्धता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत गणित शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकविली. त्यांच्या नावाने बोलावयाचे तर विषय त्यांचा असावा आणि वाट माझ्या परिचयाची असावी, असे मनाशी ठरविले आणि एकच पूर्णांक संख्या निवडली. आजचे सारे बोलणे त्या एका संख्येविषयी आहे. ती अशी :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

ही संख्या आपण सर्वांनी गोष्टीत ऐकलेली आहे. बुद्धिबळाच्या खेळाने प्रसन्न झालेल्या राजाने तो रचणाऱ्याला 'माग काय हवे ते' म्हटले. त्याने मागितले गव्हाचे दाणे : पटाच्या पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट. चौसष्ट घरे भरली म्हणजे एकूण दाणे होतात ते इतके. दोनाचा चौसष्टावा घात घ्यावा आणि त्यातून एक वजा करावा, म्हणजे ही संख्या मिळते. अल्-बिरूनीने इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या, प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनेवरील ग्रंथात ती दिली आहे. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम धरले, तर हा गहू ७३ हजार कोटी टनांहून अधिक भरतो. सगळ्या जगात आज वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे राजाला नऊशेहून अधिक वर्षांचे जगाचे पीक द्यावे लागले असते.

गोष्ट येथे संपते आणि श्रोता थक्क होऊन घरी जातो. परंतु थक्क होणे म्हणजे समजणे नव्हे. एखादा मनुष्य उंच आहे एवढ्याने त्याची ओळख होत नाही. तसेच संख्येचेही आहे. मोठेपणा हा तिचा सर्वांत वरवरचा गुण. तिची खरी ओळख तिच्या घडणीत असते.

आधी तिचे नाव घेऊ. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त एकं, दहं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या वीस अंकी, म्हणून परार्धाच्याही पलीकडे दोन स्थाने जाते. त्या नावांनी ती वाचली तर अशी होते : १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्वाच्या स्थानी शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटीच्या स्थानी शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दशक आणि ५ एकक. आपल्या भाषेच्या कोठारात ही नावे आहेत. आपण कोटीच्या पुढे सहसा जात नाही, एवढेच.

आता माझ्या वाटेने या संख्येकडे जाऊ. ती वाट छंदःशास्त्राची आहे.

अक्षरगणवृत्ते शिकताना आपण य, म, त, र, ज, भ, न, स असे आठ गण पाठ करतो. गण आठच का? अक्षर लघू असते किंवा गुरू. पहिल्या अक्षराला दोन पर्याय, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला दोन. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ. नववा गण कोणी सांगितला तर तो सापडलेला नसून चुकलेला असणार, हे न शोधता सांगता येते. लघुगुरूंचे असे सर्व क्रम ओळीने मांडण्याला आपल्या शास्त्रकारांनी 'प्रस्तार' म्हटले. मराठीत या शास्त्राचा पाया भक्कम करणारा ग्रंथ म्हणजे माधव जूलियन यांचा 'छंदोरचना'. त्याची पहिली आवृत्ती १९२७ सालची आणि सुधारून वाढविलेली १९३७ सालची. माधव जूलियन यांचा जन्म १८९४ साली आपल्या या बडोद्यातच झाला, हे येथील विद्यार्थ्यांना ठाऊक असावे म्हणून सांगतो.

चार अक्षरांचे क्रम १६. अनुष्टुभाच्या एका चरणात आठ अक्षरे. आठ अक्षरांचे क्रम २५६. अर्ध्या श्लोकाच्या सोळा अक्षरांचे ६५,५३६. पूर्ण श्लोकाच्या बत्तीस अक्षरांचे ४,२९,४९,६७,२९६. यांतील सगळेच क्रम अनुष्टुभात बसत नाहीत, कारण त्या छंदाला स्वतःचे नियम आहेत. येथे आपण केवळ संभवनीय क्रम मोजीत आहोत. आणि दोन श्लोकांची अक्षरे होतात चौसष्ट. त्या चौसष्ट अक्षरांचे सर्व क्रम मांडावेत, सर्वच्या सर्व गुरू असलेला एक क्रम बाजूला काढावा, म्हणजे उरतात तितके पटावरचे गव्हाचे दाणे.

एवढी मोठी संख्या काढण्यासाठी त्रेसष्ट वेळा दुप्पट करीत बसण्याची गरज नाही. पिंगलाच्या छंदःसूत्रात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात, याची युक्ती दिली आहे. अक्षरसंख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, आणि मग उलट येताना निम्मे केले तेथे वर्ग करा, एक वजा केला तेथे दुप्पट करा. चौसष्टासाठी हे केले की एकदा दुप्पट आणि सहा वेळा वर्ग, एवढेच काम उरते : २, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग. आजचे संगणक मोठे घात काढताना याच तत्त्वाचा अवलंब करतात. त्यांना लघू-गुरूच्या जागी शून्य आणि एक असतात. चौसष्ट स्थानांच्या संगणकात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या ही आपलीच संख्या होय.

आता तिची घडण पाहू. शाळेत आपण शिकतो, की एखाद्या संख्येच्या वर्गातून एक वजा केला तर येणारी संख्या ही मूळ संख्येहून एक कमी आणि एक अधिक अशा दोन संख्यांचा गुणाकार असते. पाचाचा वर्ग पंचवीस. एक वजा केला की चोवीस. चार सक चोवीस. हे एवढे एकच सूत्र हाती घ्या. आपली संख्या म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ च्या वर्गातून एक वजा. म्हणून ती ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७ यांचा गुणाकार आहे. यांतील पहिली पुन्हा ६५,५३६ च्या वर्गातून एक वजा. म्हणून ती ६५,५३५ आणि ६५,५३७ यांचा गुणाकार. अशा पायऱ्या उतरत गेले की शेवटी हाती येते :

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

मघाच्या यादीशी हे ताडून पाहा. २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि श्लोकाची बत्तिसाक्षरी संख्या, प्रत्येकीत एक मिळविला की हे सहा अवयव झाले. वीस अंकांचा तो अवाढव्य डोंगर सहा पायऱ्यांचा निघाला.

या सहा संख्यांकडे १६४० साली फ्रान्समधील पिएर द फर्मा या थोर गणितज्ञाचे लक्ष गेले होते. व्यवसायाने तो न्यायाधीश. त्याने पाहिले, की ३ ही मूळ संख्या आहे, ५ आहे, १७ आहे, २५७ आहे, ६५,५३७ देखील आहे. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांवाचून विभाजक नाही अशी संख्या. त्या वर्षीच्या पत्रांतून त्याने असे मत मांडले, की या रीतीने तयार होणारी प्रत्येक संख्या मूळ असली पाहिजे. पक्की सिद्धता अद्याप आपल्याजवळ नाही, हेही त्याने लिहिले होते. परंतु खात्री होती. पाच उदाहरणे तपासली होती, पाचही जुळली होती, आणि मांडणी मोठी देखणी होती.

देखणी किती, ते पाहा. फर्माचे म्हणणे खरे असते, तर आपल्या संख्येला सहा निरनिराळे मूळ अवयव असते. अशा संख्येचे एकूण विभाजक दोनाच्या सहाव्या घाताइतके असतात, म्हणजे चौसष्ट. चौसष्ट घरांची संख्या आणि तिचे बरोबर चौसष्ट विभाजक! एखाद्या कवीला सुचावी अशी ही जुळणी. साहित्याचा अभ्यासक म्हणून सांगतो, इतकी जुळणी दिसल्यावर प्रश्न विचारण्याची इच्छा होत नाही.

लिओनार्ड ऑयलर याने तो प्रश्न विचारला. गोल्डबाख या मित्राने फर्माच्या मताकडे त्याचे लक्ष वेधले होते. १७३२ साली ऑयलरने दाखवून दिले, की ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या नाही. तिला ६४१ ने नि:शेष भाग जातो, आणि भागाकार ६७,००,४१७ येतो.

हा भागाकार कागदावर करून पाहता येईल. परंतु तो न करताही ६४१ ने भाग जाणारच हे दाखविणारी एक सुटसुटीत सिद्धता पुढे सापडली. ती सांगतो. विद्यार्थ्यांनी ती घरी लिहून पाहावी.

६४१ या संख्येच्या दोन ओळखी आहेत. एक : ५ गुणिले १२८ केले की ६४० येतात, म्हणजे ६४१ ला एक कमी. दुसरी : पाचाचा चौथा घात ६२५, आणि त्यात दोनाचा चौथा घात १६ मिळविला की ६४१.

पहिल्या ओळखीवरून, ५ गुणिले दोनाचा सातवा घात याला ६४१ ने भागले तर बाकी 'उणे एक' आहे असे म्हणता येते. दोन्हींचा चौथा घात घ्या. उणे एकाचा चौथा घात एक. म्हणून पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात, याला ६४१ ने भागल्यास बाकी एक उरते. आता दुसरी ओळख वापरा. पाचाचा चौथा घात हा ६४१ ला १६ ने कमी, म्हणून त्याची बाकी 'उणे सोळा', म्हणजे उणे दोनाचा चौथा घात. तो त्याच्या जागी ठेवला की चार आणि अठ्ठावीस मिळून बत्तीस होतात; म्हणून उणे दोनाचा बत्तिसावा घात याची बाकी एक. म्हणून दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक याची बाकी शून्य. सिद्धता पूर्ण झाली.

या युक्तिवादात दहा अंकी संख्या एकदाही लिहावी लागली नाही. ६४०, ६२५ आणि १६ एवढेच आपण पाहिले. आणि तो पुढे सरकला तो कशाच्या बळावर? 'म्हणून' या एका अव्ययाच्या बळावर. वाक्यावाक्यांत तो आला, आणि प्रत्येक वेळी मागच्या वाक्याने त्याची पुरी किंमत चुकती केली होती.

फर्माचा 'म्हणून' मात्र उधारीचा होता. पाच संख्या मूळ आहेत, म्हणून सहावीही मूळ असली पाहिजे. पाचावर सहावी अवलंबून आहे असे कोठेच दाखविलेले नव्हते. याहून नवलाची गोष्ट अशी, की चूक पकडण्याचे साधन त्याच्याजवळच होते. घातांच्या बाक्यांविषयीचा जो सिद्धांत आज फर्माच्या नावाने शिकविला जातो, तो त्याने १६४० सालच्याच एका पत्रात कळविला आहे. त्याच दिशेने पुढे जाऊन ऑयलरने सिद्ध केले, की या सहाव्या संख्येला मूळ विभाजक असलाच तर त्याला ६४ ने भागून बाकी एक उरली पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचवाच भागाकार जुळतो. हे ठाऊक नसते आणि २, ३, ५, ७ अशा सर्व मूळ संख्यांनी ओळीने भागत गेले असते, तरी ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. एका दिवसाचे काम. परंतु मन एकदा निश्चिंत झाले की हात हिशेबाला बसत नाही.

समर्थांच्या वाङ्मयामुळे 'प्रचीती' हा शब्द आपल्या अंगवळणी पडला आहे. तो मोलाचा आहे. ऐकीव गोष्टीपेक्षा स्वतः पडताळून पाहिलेली गोष्ट केव्हाही श्रेष्ठ. फर्माने पाच वेळा प्रचीती घेतलीच होती. परंतु जेथे 'प्रत्येक' हा शब्द उच्चारावयाचा असतो, तेथे प्रचीती अपुरी पडते. तेथे सिद्धता हवी. आठ गणांविषयी आपली खात्री आहे ती आठ सापडले म्हणून नव्हे, तर नववा का असू शकत नाही हे कळले म्हणून. पाच उदाहरणे आणि एक कारण यांत गणित कारणाच्या बाजूला उभे राहते. हे भान आम्हां साहित्याच्या अभ्यासकांनाही हवे. पाच कविता वाचून कवीविषयी, पाच कवी वाचून युगाविषयी आणि पाच माणसे पाहून समाजाविषयी 'सर्व' आणि 'नेहमी' हे शब्द आम्ही फार सहज वापरतो.

मग फर्माच्या त्या संख्या टाकाऊ ठरल्या काय? मुळीच नाही. खरे वैभव त्यानंतर उघडकीस आले. १७३० साली गोल्डबाखने ऑयलरला कळविले, की या मालिकेतील कोणत्याही दोन संख्यांना एकावाचून सामाईक विभाजक नसतो. कारण आपण पाहिलेल्या पायऱ्यांतच आहे : कोणत्याही एका संख्येतून दोन वजा केले की आधीच्या सर्वांचा गुणाकार येतो, म्हणून सामाईक विभाजक असला तर त्याने दोनालाही भागले पाहिजे, आणि या संख्या तर साऱ्या विषम. म्हणून प्रत्येक नवी संख्या निदान एक नवा मूळ अवयव घेऊन येते. आणि ही मालिका न संपणारी, म्हणून मूळ संख्याही अनंत आहेत. फर्माचे विधान ढासळले, पण त्याच्या मालिकेने याहून मोठे सत्य हाती दिले.

पुढे १७९६ साली, वयाची एकोणीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, कार्ल फ्रीडरिश गाऊस याने पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते हे सिद्ध केले. युक्लिडनंतर दोन हजार वर्षांत कोणाला ते साधले नव्हते. विषम बाजूंची सुसम आकृती केव्हा काढता येते? बाजूंची संख्या ही फर्मा-मालिकेतील निरनिराळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तेव्हा. गाऊसने १८०१ सालच्या ग्रंथात हे मांडले, आणि याखेरीज कोणतीही विषमभुज आकृती काढता येत नाही याची सिद्धता वांत्झेलने १८३७ साली दिली. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांपासून असे ३१ गुणाकार होतात. त्यांतील सर्वांत मोठा ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे श्लोकाच्या संख्येला एक कमी. फर्मा बरोबर असता, तर पटावरील दाण्यांइतक्या बाजूंची आकृतीदेखील तत्त्वतः काढता आली असती. ६४१ आडवा आला.

आणि फर्माचे मत केवळ एका ठिकाणी चुकले असेही नाही. पुढची, दोनाच्या चौसष्टाव्या घातात एक मिळवून होणारी संख्या लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने १८८० साली फोडली. तिचा एक अवयव २,७४,१७७ आहे. त्या वेळी लांद्रीने वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती, ही गोष्ट माझ्यासारख्याला दिलासा देणारी आहे. त्यापुढच्याही ज्या ज्या संख्यांचा निकाल आजवर लागला, त्यांपैकी एकही मूळ निघालेली नाही. मूळ ठरल्या त्या पहिल्या पाचच. मात्र म्हणून सहावी मूळ संख्या पुढे कोठेच नाही असे आज कोणी गणितज्ञ म्हणत नाही. फर्माकडून घेतलेला धडा तो उलट दिशेनेही पाळतो.

आपल्या संख्येची ओळख आता पुरी होते. ती अशी :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७.

सात मूळ अवयव, आणि म्हणून १२८ विभाजक. ती सुंदर चौसष्टाची जुळणी गेली. तिच्या जागी जे आले ते तितके गोंडस नसेल, परंतु ते खरे आहे, आणि कोणीही, कोठेही, कोणत्याही भाषेत ते पडताळून पाहू शकतो. आपण आज ते मराठीत पडताळून पाहिले.

विद्यार्थिमित्रांनो, ही संख्या तुमच्या हातातल्या यंत्राला विचारली तर ते निमिषार्धात हे सात अवयव दाखवील. त्याचा उपयोग अवश्य करा. परंतु 'का?' हे विचारण्याचे काम यंत्रावर सोपवू नका. आणि निबंध लिहिताना, वाद घालताना, एखाद्या माणसाविषयी किंवा समाजाविषयी मत बनविताना 'म्हणून' हा शब्द लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्याच्या मागच्या वाक्याने त्याची किंमत चुकती केली आहे काय, ते पाहा. ज्या गुरुजींचे आपण आज स्मरण करीत आहोत, त्यांच्या विषयाचे सार मला तरी याहून वेगळे दिसत नाही.